बिनखुणेचा दगड

हॅल्डन हॉलच्या दर्शनी भिंतीत काही लपत नाही. सहा खांब, वर त्रिकोणी माथा, मधोमध दार. डावीकडे जे, तेच उजवीकडे. बांधणाऱ्याने घर नव्हे, तराजूच उभा केलाय. त्यामुळे दाराच्या डाव्या अंगाचा एक दगड सोलायला लागला, तेव्हा पहिल्याच दिवशी गावभर झालं.

तो दगड माझा होता.

खाणीत दगड जसा निजलेला असतो, तसाच तो भिंतीत निजवायचा, हे आमच्या यॉर्कशरमध्ये शेंबड्या पोरालाही कळतं. उभा लावला की थंडीपावसात त्याचे पापुद्रे सुटतात. पण हॉलच्या डागडुजीत चांगला दगड माझ्या हातून कोपऱ्यावर फुटला होता. शनिवार होता, दुपारी लीड्सला मॅच. उरल्यासुरल्यात एकच मापाचा सापडला, तोही उभा लावला तरच बसणारा. लावला. प्रत्येक पाथरवट दगडाच्या मागच्या अंगाला आपली खूण कोरतो. मी कोरली नाही, कारण मी काय करतोय ते मला पुरतं ठाऊक होतं.

आमच्यात रीत अशी, की बिनखुणेचा दगड मुकादमाच्या माथी.

मुकादम होता सेथ ओल्डरॉइड. आठ हिवाळ्यांनी दगड काढला, मागची बाजू कोरी. हॉलच्या कारभाऱ्याने विचारलं, "कुणाचा हा?"

सेथने आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मी बुटांकडे बघत राहिलो.

"माझा," तो म्हणाला.

त्या दिवसापासून हॉलचं काम त्याला बंद झालं. एवढा कसबी माणूस, शेतकऱ्यांच्या मेंढ्यांसाठी बांध रचत फिरला. आणि मी? मी निर्लज्जासारखा दर रविवारी त्याच्याच घरी जेवत राहिलो. त्याची बायको एडिथ माझ्या ताटात बीफ वाढायची आणि नवऱ्याला टोमणे मारायची.

"याला वाढते हो आधी. हा निदान दगड सुलटा लावतो!"

सेथ हसायचा. मी घास गिळायचो. चौदा वर्षं गिळला.

मार्चमध्ये एडिथ गेली. एप्रिलच्या एका रविवारी सेथने दोघांपुरते बटाटे उकडले, आणि मला ते सोसेना.

"सेथ, तो दगड माझा होता रे."

"माहितीये."

"काय?"

"अरे, तुला छिन्नी धरायला शिकवलं कुणी? तुझा घाव मी ओळखणार नाही होय?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून." त्याने ग्रेव्हीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "शेवटच्या आठवड्यात एडिथने विचारलं, 'आता तरी खरं सांग, तो दगड लावलास त्या दिवशी प्यायला होतास का? तुझ्या हातून असं होईलच कसं?' तू इथेच बसला होतास, याच खुर्चीत. मी थोडा वेळ थांबलो. मग हो म्हणालो तिला."

तिच्या खोलीचं दार तेव्हा उघडंच होतं. तिचा प्रश्न मी ऐकला होता.