प्रार्थनेच्या खोलीतला दिवा

मित्रांनो, पितळेचा दिवा आहे मी, आता जुना आणि काळवंडलेला. ओताऱ्याने मला साच्यातून काढलं तेव्हा तो म्हणाला होता, "हा कुणाच्या तरी घरात उजेड पाडेल." पण मी गेलो इस्पितळात, प्रार्थनेच्या खोलीत.

खोली लहान होती. खिडकीतून वाळत घातलेल्या चादरी दिसायच्या. भिंतीवर कुठल्याच देवाचं चित्र नव्हतं, कारण तिथे सगळ्याच धर्मांची माणसं यायची. झाडलोट करणारी मावशी रोज माझ्यात तेल घालायची, वात सारखी करायची. मग कुणी माझ्यावर मेणबत्ती पेटवून वाळूच्या ताटात रोवायचं, कुणी उदबत्ती लावायचं, कुणी माझ्यावरून तळवे फिरवून डोळ्यांना लावायचं. एक आजोबा डोकं झाकून नुसते माझ्यासमोर बसायचे. त्यांच्यात अग्नीलाच पवित्र मानतात. ज्यांच्यात ज्योत लावत नाहीत, ते खिडकीशी डोळे मिटून बसायचे. जीव मात्र सगळ्यांचाच टांगणीला लागलेला असायचा.

तिथे दोघी जणी रोज यायच्या. एक शिक्षिका, दुसरी शिवणकाम करणारी. शिक्षिकेचा मुलगा आणि शिवणवालीची मुलगी शेजारशेजारच्या खाटांवर होती. शिक्षिका मेणबत्ती लावायची, शिवणवाली माझ्यात चार थेंब तेल घालायची. मग दोघी एकाच डब्यातलं खायच्या.

मुलगा बरा होत गेला. मुलगी गेली.

त्या सकाळी शिवणवाली थेट माझ्यापाशी आली आणि तिने फुंकर मारून मला विझवलं.

"देवाने तिच्या पोराचं ऐकलं, मग माझ्या पोरीचं का नाही?" तिने मावशीला विचारलं.

"मला नाही गं माहीत, ताई," मावशी म्हणाली. हातातलं फडकं बाजूला ठेवून ती तिच्याशेजारी जमिनीवर बसली.

शिवणवाली माझ्या विझलेल्या वातीकडे बघत म्हणाली, "आमच्यात शेवटच्या निरोपाला देवापुढची ज्योत नेतात. ती मीच विझवली."

शिक्षिका दारात उभी होती. तिने वाळूतली आपली जळती मेणबत्ती उचलली. "ही मघाशी याच दिव्यावर पेटवलीय. घे."

"नको. तुझ्या मुलासाठी लावलीस ती."

"म्हणूनच घे."

मावशीने कंदील आणला. मेणबत्तीवरून तो पेटला, मग मीही. शिवणवाली कंदील पदराआड धरून गेली. मित्रांनो, त्या दिवशी मला माझाच उजेड नकोसा झाला होता.

पुढे इस्पितळात आग नको असा नियम झाला. प्राणवायूच्या नळ्या जवळच होत्या. नियम योग्यच होता. माझ्या जागी बटणाचा दिवा आला. त्यावरून कुणाला काही पेटवून नेता येत नाही. निवृत्त होताना मावशीने मला शेवटचं घासलं. आता मी अडगळीत, मोडक्या चाकांच्या खुर्च्यांमध्ये पडून आहे.

मित्रांनो, मला पुन्हा लावा असं मी म्हणत नाही. पण दुःखाच्या भरात कुणी तुमच्या देवापुढचा दिवा विझवला, तर त्याच्यावर रागावू नका. त्याच्याशेजारी जरा बसा.