सहाच्या आत सभागृह रिकामे

मित्रांनो, मी प्रार्थनागृहाच्या कार्यालयातल्या टेबलाचा एक जुना खण आहे. उत्तर न दिलेले एक पत्र वर्षभर माझ्या पोटात होते. मला हे नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

सुताराने घडवले तेव्हा मी अलगद सरकायचो. पुढे ओलीने फुगलो आणि अर्धवट उघडाच राहू लागलो. म्हणून मला सारे ऐकू येते.

या टेबलावर एक भिडस्त लेखनिक बसतो. सभागृह झाडणारी मावशी शेजारीच काम करते. कोणी रडत बसले की ती झाडू भिंतीला टेकवून त्याच्याजवळ बसायची. उठायला कधी सात वाजत.

मग विश्वस्तांनी वार्षिक मूल्यमापनाचे तक्ते आणले. एक रकाना होता, ‘सहाच्या आत सभागृह रिकामे’. शेजारी बसण्याचा रकाना नव्हता. लेखनिकाने घाबरत मावशीला दहापैकी चार गुण दिले. तिने पत्र लिहिले, ‘भाऊ, माझं कुठे चुकलं ते सांगा, म्हणजे सुधारेन.’ त्याने ते वाचले, माझ्यात टाकले आणि मला ढकलून दिले.

मावशी आपल्या आपणच सुधारली. यंदा तिला नऊ मिळाले.

“मावशी, आता आमच्याकडे बघाल तरी का?” दारवान म्हणाला.

“बघायला वेळ कुठाय बाबा? सहाला फरशी कोरडी पाहिजे.”

तक्ते भरले गेले, सगळे खूश झाले. सभागृह मात्र इतके शांत झाले की मला भीती वाटू लागली.

गेल्या सोमवारी एक बाई कोपऱ्यात रडत होती. “उठा ताई, पुसायचंय,” मावशी म्हणाली. बाई उठली, अनवाणीच गेली. तिच्या चपला अजून पायरीवर आहेत. न्यायला कोणी आलेले नाही.

“मी तिला नावसुद्धा विचारलं नाही हो, भाऊ,” आज सकाळी मावशी दारातूनच म्हणाली. लेखनिकाला तिच्याकडे बघवेना. ती गेल्यावर त्याने मला जोर लावून ओढले आणि ते पत्र बाहेर काढले. उत्तर लिहिता लिहिता चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिले, ‘मावशी, तुमचं काहीच चुकलं नव्हतं. मी भ्यालो. कोणी रडत असेल तर बसा. तुमच्या तक्त्यावर हे मी लिहीन आणि खाली सही करीन.’

मित्रांनो, कोणाला गुण देण्याआधी त्याच्याजवळ थोडा वेळ उभे राहा. आणि कोणी विचारले तर उत्तर द्या, वेळेवर द्या.

मावशी दहा पावलांवर फरशी पुसत होती. तोंडावर सांगणे त्याला जमले नाही. त्याने पाकिटावर तिच्या घरचा पत्ता घातला, तिकीट लावले आणि रस्ता ओलांडून ते टपालपेटीत टाकले.