डाग की पोकळी

सासूबाई काल दुपारपासून माझ्याशी बोललेल्या नाहीत.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर पिवळा म्हणजे गरम. जांभळा म्हणजे गार.

ट्रकवाला: "ताई, पूल काय तुमच्या वडिलांचा आहे?"

सासऱ्यांचा.

काळं तेल उन्हात तापतं, हेही खरं.

आता सरळ सांगते. हा पूल माझ्या सासऱ्यांनी ठेका घेऊन बांधला आणि तपासायला आले मी, कारण बांधकाम खात्यात उष्णतेचा कॅमेरा मीच चालवते. गेल्या खेपेला आमच्या साहेबांनी ऊन चढायच्या आत फोटो काढले. तेव्हा सगळा रस्ता सारखाच गार. पडद्यावर दिसणार काय, कपाळ? भर दुपारीच बघावं लागतं. वरचा थर खालून सुटलेला असला की मधली हवा उष्णता खाली जाऊ देत नाही आणि तेवढाच तुकडा जास्त तापतो.

मी एक बाजू अडवून फोटो घेतले. जांभळ्या रस्त्यात सतरंजीएवढा पिवळा डाग. पुढे तसेच आणखी.

कुणीतरी कळवलं असणार. सासरे छत्री घेऊन हजर झाले. पडदा पाहिला, डाग तेलाचा ठरवला आणि छत्री उघडून नेमके त्याच्यावर उभे राहिले. सावलीत अर्धा डाग फिका व्हायला लागला.

मी गाडीतून हातोडा काढला. "बाबा, तुम्हीच ठोका."

त्यांनी हात पुढे केला नाही. इज्जतीचं बोलले, मुलाचं नाव मध्ये आणलं, साहेबांशी ओळख सांगून झाली. मग आवाज खाली आला.

"घरचा पूल आहे, सूनबाई."

"घरचा आहे म्हणून तर."

मीच ठोकलं. डागाबाहेर टण्. डागावर डब, पोकळ. त्यांच्या चपलेशेजारी, सावलीत, तिथेही डब. ट्रकवाल्याचा हॉर्न थांबला. तो खाली उतरला, ऐकलं, आणि परत चढून ट्रक मागे घेऊ लागला.

मी गाडी आडवी लावली, किल्ली खिशात टाकली आणि साहेबांना फोन केला. पूल बंद केलाय. कुणाच्या परवानगीनं, असं विचारलं त्यांनी. म्हटलं, उघडायचा असेल तर इथे येऊन स्वतः उघडा, गाडी मी हलवणार नाही.

सासरे अजून डागावरच उभे होते. मी त्यांचा दंड धरून त्यांना कडेला आणलं. त्यांनी आणू दिलं.

पूल पहिल्यांदा खुला झाला त्या दिवशी त्याच्यावरून पळत गेलेल्या शाळेच्या मुलींत मी होते.