चंद्रीचं चौथं वेत

करावे गावात आता गोठे उरलेत ते बोटांवर मोजण्याइतके. त्यातला एक चांगुणाबाईंचा, घराच्या मागच्या अंगाला. त्यात गाय एकच, चंद्री. चांगुणाबाई भाचीच्या लग्नाला उरणला गेल्या आणि नेमकी त्याच दुपारी चंद्री व्याली. घरात सून सुचिता एकटीच.

सुचिता साताऱ्याकडची, पण माहेरी गुरं नव्हती. धार काढायला ती सासूकडूनच शिकली होती. तरी तिने सगळं निभावलं. कालवड पुसून कोरडी केली, तिला चीक पाजला. मग ऑफिसातल्या सगळ्यांना खरवस न्यायचा म्हणून तिने कास पार मोकळी होईपर्यंत धार काढली. डबा काठोकाठ भरला तेव्हा तिला स्वतःचं कौतुकच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोठ्यात गेली. चंद्री मान पोटाकडे वळवून पडली होती. डोळे थिजल्यासारखे, कान बर्फासारखे गार. दावं ओढलं, पाठीवर थोपटलं, पण गाय जागची हलेना. कालवड भुकेने ओरडत होती आणि आई तिच्याकडे बघतही नव्हती.

सुचिताने आधी सानपाड्याच्या गुरांच्या डॉक्टर प्रियदर्शिनींना फोन लावला, मग सासूला. दोघी थोड्या अंतराने पोचल्या. चांगुणाबाईंनी लग्नातली साडीसुद्धा बदलली नव्हती.

डॉक्टरांनी गाय तपासली. कडब्याच्या पेंढ्या लावून तिला छातीवर नीट बसवली.

"काल किती दूध काढलंत?" त्यांनी विचारलं.

सुचिताने सासूकडे पाहिलं. खोटं बोलायचं क्षणभर मनात आलंही.

"सगळं," ती म्हणाली. "खरवसासाठी. चुकलं माझं."

चांगुणाबाई तिच्याकडे न बघता कालवडीपाशी गेल्या. सुचिताला ते जास्त लागलं.

डॉक्टरांनी बाटली कोमट पाण्यात धरली, गायीच्या मानेच्या शिरेत सुई घातली आणि त्या कॅल्शियमचं औषध अगदी सावकाश सोडायला लागल्या. एक हात बाटलीवर, कानात स्टेथोस्कोप.

"दूध काही पोटात साठवून ठेवलेलं नसतं, ताई," त्या म्हणाल्या. "चारा पचतो, रक्तात उतरतो आणि कास त्या रक्तातून हवं ते उचलून दूध बनवते. एका लिटरसाठी चार-पाचशे लिटर रक्त कासेतून फिरतं. व्याल्यावर हे काम एकदम सुरू होतं. कास रक्तातलं कॅल्शियम ओढून घेते, हाडांतून तेवढं लगेच सुटत नाही. मग गायीच्या अंगात उभं राहायचंही बळ उरत नाही."

"म्हणजे माझ्यामुळेच."

"चौथं वेत आहे, भरपूर दुधाची गाय आहे. तुम्ही कमी काढलं असतंत तरी कदाचित झालं असतं. पण पहिले दोन दिवस वासराला लागेल तेवढंच काढा."

बाटली संपत आली तशी चंद्रीच्या अंगावर बारीक थरथर उठली. तिने ढेकर दिला, मग शेण टाकलं.

"आता बरी हाय," चांगुणाबाई हळूच म्हणाल्या.

अर्धा तास गेला. चंद्रीने मागचे पाय जुळवले, धडपडली, पुन्हा बसली. दुसऱ्या खेपेला मात्र उठली ती उभीच राहिली. पाय लटपटत होते, पण तिने मान वळवून कालवडीला हुंगलं आणि चाटायला लागली.

सुचिता तिथेच खाली बसली.

डॉक्टरांना रबाळ्याला दुसरं जनावर बघायला जायचं होतं. संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवा, परत बसली आणि उठेना झाली तर फोन करा, एवढं सांगून त्या स्कूटरवरून गेल्या.

चांगुणाबाई सुनेशेजारी येऊन टेकल्या.

"मीच तुला सारं दूध काढू नको म्हनून सांगून जायला पायजे व्हतं, गो," त्या म्हणाल्या. "पन तू खरं बोललीस. नाय बोलली असतीस तं मी राग धरला असता."

"आई, मी खूप घाबरले होते."

"मी काय कमी भ्यायले? उरनवरनं येताना सारा रस्ता देव देव करत व्हते."

कालवड कासेला लुचायला लागली होती. सुचिताने ऑफिसला फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं. मग सकाळपासून पोटात काहीच गेलं नसल्याचं तिच्या ध्यानात आलं, आणि दोघी भाकरी टाकायला आत गेल्या.