नऊ नंबरची पिल्लं

शालनने खाद्याच्या स्टीलच्या डब्यावर झाकण आदळलं आणि नऊ नंबरच्या पिंजऱ्याकडे पाहिलं. चार पिल्लांपैकी दोघांचे कान चटकन हलले. उरलेली दोघं कोबीचं पान कुरतडत राहिली.

तिने पुन्हा झाकण आदळलं. पुन्हा तेच.

अंबरनाथच्या आनंदनगरात, रंगाच्या आणि गोळ्यांच्या कारखान्यांच्या मधोमध असलेल्या या प्रयोगशाळेत शालनला एकोणीस वर्षं झाली होती. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, खाणंपाणी बघणं हे तिचं काम. उंदीर, ससे, गिनीपिग, सगळे तिच्या हाताखालून गेले. गिनीपिग तिला आवडत. त्यांची पिल्लं जन्मतः डोळे उघडे ठेवून, अंगावर केस घेऊनच येतात आणि तिसऱ्या दिवशी आईच्या बरोबरीने पाल्यासाठी ओरडायला लागतात. ही दोघं मात्र तिची चाहूल लागून कधी ओरडलीच नव्हती. पाला समोर दिसला की मगच धावत.

दुपारी तिने डॉक्टर पद्मजाला गाठलं. पद्मजा तिशीची, पुण्याहून आलेली. हा सगळा प्रयोग तिचाच.

"मॅडम, नऊ नंबरच्या दोन पिल्लांना ऐकू येत नाही बहुतेक."

"ऐकण्याची टेस्ट पुढच्या आठवड्यात आहे, शालनताई. तुम्हाला कसं कळलं?"

"कळतं मला," शालन म्हणाली.

पद्मजाने टेस्ट दुसऱ्याच दिवशी लावली. पिल्लांच्या डोक्याला बारीक तारा जोडल्या, यंत्रातून टिकटिक सोडली. दोघांच्या रेषा पडद्यावर सपाट आल्या. पद्मजाने मान वर करून शालनकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. मग दोघी हात धुऊन बाहेरच्या बाकावर बसल्या, आणि इतके महिने जे शालनने विचारलं नव्हतं ते तिने विचारलं.

"यांच्या आईला काय टोचलं होतं?"

"एक विषाणू. लसीचा प्रयोग आहे ना आपला. काही गाभण माद्यांना आधी लस दिली, काहींना नाही, आणि मग सगळ्यांना विषाणू टोचला. तो वारेतून पोटातल्या पिल्लांपर्यंत पोचतो का, ते बघायचंय. नऊ नंबरला लस नव्हती."

"पण ती आजारी कुठे पडली? दोन दिवस कोबी सोडला फक्त. मी वहीत लिहिलं होतं."

"आईला फारसं काही होतच नाही. थोडी कणकण. कधीकधी तेवढंही नाही. जे व्हायचं ते पोटातल्या बाळाला."

शालनने विचारलं, "माणसांत असतो का असा?"

"असतो. हा गिनीपिगचा, तो आपल्याला लागत नाही. पण माणसांचा वेगळा आहे, अगदी त्याच जातीचा. खूप लोकांना होऊन जातो, पत्ताही लागत नाही. गरोदर बाईला बहुतेक वेळा लहान मुलांकडून लागतो. त्यांची लाळ, शी-शू, उष्टं खाणं. तुम्ही का विचारताय?"

"माझ्या मुलाला ऐकू येत नाही. जन्मापासून."

पद्मजाने सावकाश विचारलं, "दिवस राहिले तेव्हा ताप आला होता?"

"चौथ्या महिन्यात. तीन दिवस अंग मोडून आलं होतं."

"असू शकेल. पण आता इतक्या वर्षांनी खात्रीने कोणीच सांगू शकणार नाही, ताई. जन्मल्या जन्मल्या तपासलं असतं तरच कळलं असतं. एक मात्र सांगते. तुम्ही काही चुकीचं केलं म्हणून झालेलं नाही."

शालनने मान हलवली. हे वाक्य तिला एकवीस वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं.

सुयोग दीड वर्षाचा असताना डॉक्टरांनी तो बहिरा असल्याचं सांगितलं, त्याच दिवशी दवाखान्याच्या पायरीवर सासूबाई इंदुबाई म्हणाल्या होत्या, "पोटुशी असताना मिरवणुकीत बेंजोच्या भोंग्यापुढे उभी राहिली. मी नको म्हणत होते." चौदा एप्रिलची मिरवणूक होती. शालन दहा मिनिटं उभी राहिली असेल. पुढे घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यासमोर ते वाक्य निघालं. नवरा राजेंद्र ऐकून घेई, वाद घालत नसे. हळूहळू शालनलाही ते खरं वाटायला लागलं. त्यानंतर ती मिरवणुकीत कधी गेली नाही.

घरी येताना रिक्षात तिला दुसरीच गोष्ट आठवत राहिली. त्याच महिन्यांत नणंदेची दोन वर्षांची प्रीती त्यांच्याकडे होती. नणंद कामाला जायची. "तू घरीच असतेस, बघ हिला," असं म्हणून इंदुबाईंनीच तिला शालनच्या कडेवर दिलं होतं. तिचं नाक पुसणं, दुपटी धुणं, तिच्या ताटलीतला उरलेला वरणभात खाणं, सगळं शालनच करत होती. शालनच्या आधी प्रीतीलाच ताप आला होता.

उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये ती उतरली तेव्हा तिच्या मनात वाक्य तयार होतं.

इंदुबाई दारात बसून मेथी निवडत होत्या. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. बोटं थरथरत, काड्याही पाल्यात जात.

शालन समोर बसली. तिने काड्या वेचायला घेतल्या. "आई, आज आमच्या मॅडमना विचारलं. सुयोगचं ते मिरवणुकीमुळे नाही झालं. चौथ्या महिन्यात मला ताप आला होता ना, बहुतेक त्या तापातल्या विषाणूने झालं."

इंदुबाईंचे हात थांबले. "असं सांगितलं?"

"हो. अगदी खात्रीने सांगता येत नाही म्हणाल्या. पण भोंग्याने तर नाहीच."

"मग तुला तो ताप लागला कुठून?"

वाक्य अगदी ओठांवर होतं. शालनने म्हातारीच्या तोंडाकडे पाहिलं. प्रीतीचं मागच्याच वर्षी लग्न झालं होतं आणि तिला सहावा महिना चालू होता. इंदुबाई रोज तिला फोन करत.

"काय सांगणार. असतात हवेत," शालन म्हणाली.

इंदुबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "मी किती लोकांना सांगत फिरले," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"राहू द्या. चहाला पाणी ठेवते," म्हणून शालन उठली.

सुयोग जीन्सच्या कारखान्यातून आला. एका सिंधी शेठकडे तो कटिंगला होता. बोटं अजून निळी होती. आजीचे डोळे बघून त्याने खुणेने विचारलं, काय झालं? शालनने त्याला सगळं खुणांनी सांगितलं, प्रीतीचं सोडून. दोन बहिऱ्या पिल्लांचंही सांगितलं. तो लक्ष देऊन बघत होता. स्वतःबद्दल त्याने काहीच विचारलं नाही. त्याने विचारलं, पिल्लांचं आता काय?

शालनला खोटं सांगता आलं असतं. तिने खरं सांगितलं. प्रयोग संपला की सगळ्यांना इंजेक्शन देऊन मारतात. मग कान तपासतात, आत काय बिघडलं ते बघतात. शुक्रवारी.

सुयोगने दोन्ही तळवे जोडून ओंजळ केली आणि ती छातीजवळ नेली. तू धर.

शुक्रवारी सकाळी शालनने पद्मजाला सांगितलं, "नऊ नंबरची मी धरते."

"त्रास होईल, ताई. दुसरं कोणी करेल."

"माझ्या हाताची त्यांना सवय आहे."

पद्मजाने मान डोलावली. सुई टोचली तेव्हा बहिऱ्या दोघांतलं पहिलं पिल्लू एकदाच हललं आणि तिच्या अंगठ्याशी तोंड लावून पडलं. पद्मजाने छातीला नळी लावून ऐकलं, घड्याळ पाहिलं, वेळ लिहिली.

"झालं, शालनताई."

शालनने ऐकलं होतं. तरी तिने ओंजळ लगेच उघडली नाही. पिल्लू अजून ऊबदार होतं.