हौ मास्तरांच्या नावाचा कौल

आमच्या गावातलं भूमीआजोबांचं देऊळ एवढंसं आहे. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर बांधावर थांबायचं. पण आजोबांचं उदाचं पितळी पात्र देवळात राहत नाही, ते वर्षभर यजमानाच्या घरी असतं. दुसऱ्या महिन्याच्या द्वितीयेला आजोबांचा वाढदिवस, आणि त्याच सकाळी नवा यजमान ठरतो. ठरवतात स्वतः आजोबा. प्रत्येक घरातल्या कर्त्याचं नाव घ्यायचं आणि एकीकडून सपाट, एकीकडून फुगीर असे लाकडाचे दोन चंद्रकोरी ठोकळे जमिनीवर टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला की होकार. दोन्ही पालथे पडले की नकार. ज्याला ओळीने सगळ्यात जास्त होकार, पात्र त्याच्या घरी.

एकतीस वर्षं माझं नाव घेतलं जातंय. कधी दोनाच्या वर होकार आले नाहीत. त्यातून आमच्याकडे नियम असा, की सत्तरी गाठली की यादीतून नाव जातं, आणि मला सत्तर पूर्ण व्हायला चार महिने उरले होते. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. मी आधीच समोरच्या खोलीत पात्रासाठी फळी ठोकून तिला लाल रंग दिला होता. माझी बायको ग्योक कालवं फोडता फोडता म्हणाली, "अहो, लग्न ठरलं नाही आणि तुमचा मांडव उभा!" मी तिच्याशी दिवसभर बोललो नाही.

कौलाचे ठोकळे टाकायचं काम वीस वर्षं माझ्याकडेच आहे. त्या सकाळीही मीच टाकत होतो. माझं नाव आलं. मी डोळे मिटून ठोकळे टाकले. होकार. परत होकार. असे पाच! सहाव्यांदा नकार आला, पण पाच तोवर कुणालाच नव्हते. ग्योक चक्क रडायला लागली. यादीत आता एकच नाव उरलं होतं, हौ मास्तरांचं.

हौ मास्तर तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. देव मानत नाहीत, आणि ते कुणापासून लपवतही नाहीत. देवळाची वर्गणी त्यांची बायको भरायची. ती दोन वर्षांपूर्वी गेली, पण मास्तरांनी वर्गणी बंद केली नाही, म्हणून नाव यादीत राहिलं. आमचं दोघांचं जुनं भांडण. ते म्हणणार, भरती चंद्रामुळे येते. मी म्हणणार, मग चंद्र कुणामुळे येतो? त्यावर ते म्हणणार, "थियामदादा, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं. लगेच आजोबांना कशाला मध्ये ओढता?"

मी त्यांचं नाव घेऊन ठोकळे टाकले. होकार, होकार, होकार, होकार, होकार. आता जे सांगतो ते मी ग्योकलाही सांगितलेलं नाही. वीस वर्षं ठोकळे टाकणाऱ्या माणसाला एक गोष्ट कळते. मनगट जरा आत वळवलं की दोन्ही बहुतेक पालथेच पडतात. सहाव्यांदा मी मनगट वळवलं. होकार आला. सातव्यांदा आणखी वळवलं. तरी होकार. आठव्यांदा ठोकळे हातातून कसेबसे निसटले आणि नकार आला. पण सात झाले होते.

"आजोबांना गावात दुसरं कुणी मिळालं नाही का?" एक म्हातारी ओरडली. कुणीतरी धावत जाऊन मास्तरांना घेऊन आलं. ते तसेच स्लिपरवर आले होते. सगळं ऐकून ते दारातच थांबले.

"मला माफ करा," ते म्हणाले. "मी मानत नाही, आणि मानल्यासारखं दाखवणं मला जमायचं नाही. पात्र थियामदादांच्या घरी जाऊ दे. त्यांच्याइतका जीव त्यात कुणाचा नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकतीस वर्षं मागितलं ते समोर होतं. फक्त आजोबांची परवानगी घ्यायची, म्हणजे एकदा ठोकळे टाकायचे, तेही मीच. मी ते उचलले आणि माझं मनगट मलाच परकं वाटायला लागलं. मनगट सरळ ठेवलं तरी ते सरळ आहे यावर माझाच विश्वास बसेना.

"मास्तर, तुम्ही टाका," मी म्हणालो.

"मी? मला कुठे येतं?"

"म्हणूनच टाका."

त्यांनी ठोकळे हातात घेतले, "पात्र थियामदादांकडे जावं का?" असं वर्गात विचारावं तसं खणखणीत विचारलं आणि सोडून दिले. दोन्ही उताणे. म्हणजे आजोबा हसले, परत विचारा. त्यांनी परत विचारलं. दोन्ही पालथे.

"विचारलं मीच, आता नाही कसं म्हणू?" मास्तर म्हणाले. संध्याकाळी पात्र त्यांच्या घरी नेऊन ठेवलं. बाकीचे गेले, मी मागे राहिलो. रोजच्या तीन उदबत्त्या कशा लावायच्या ते दाखवलं, आणि मग राहवेना म्हणून मनगटाचं सगळं सांगून टाकलं. वाटलं, हा माणूस तरी पाप म्हणणार नाही.

मास्तर म्हणाले, "ओळीने सात पडणं अवघड आहे, अशक्य नाही. त्याचं मला काही नाही. पण दादा, एक विचारू? कौल आजोबा देतात असं तुम्ही मानता ना?"

"म्हणजे काय!"

"मग मनगट कुणाला फसवायला वळवलंत?"

राग आला, खरंच आला, पण त्यांच्यावर काढण्यासारखा तो नव्हता. मी उठून घरी आलो आणि न जेवता झोपलो.

सकाळी ग्योकने हाताला धरून उठवलं. "जा. त्यांना मंत्र येत नाहीत. आजोबा उपाशी राहतील."

मास्तरांनी खोली झाडून ठेवली होती. उदबत्त्या लावलेल्या, तिन्ही सरळ. मी पात्रासमोर हात जोडले. रोजचं मागणं ओठावर यायला हवं होतं, पण मागायचं ते संपलं होतं. एकतीस वर्षांत मी या म्हाताऱ्याकडे घर, होडी, पोरं, कालवं, यजमानपद सगळं मागितलं, पण त्याची कधी विचारपूस केली नव्हती. माझ्या तोंडून निघालं, "आजोबा, तुम्ही बरे आहात ना?"

आतून मास्तर चहा घेऊन आले. ट्रेमध्ये तीन पेले होते. एक त्यांनी मला दिला, एक स्वतःला घेतला आणि तिसरा जपून पात्राशेजारी ठेवला.

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो.

"असं काय बघता?" ते म्हणाले. "मी नाही मानत त्यांना. पण घरी आलेल्याला सोडून आपण दोघांनीच प्यायचा का चहा?"