मुदत संपलेले गुण

पुण्याहून आलेलं पत्र इंदुमतीनं दोनदा वाचलं आणि सरळ चुलीत घालायला निघाली. सासूनं मनगट धरलं म्हणून ते राहिलं.

"काय लिवलंय त्यात एवढं?"

"लिहिलंय, असं कुणी परीक्षेला बसलंच नव्हतं. इंदुमती गणपत तेरदाळकर नावाची बाई पंचावन्न सालच्या मॅट्रिकच्या यादीत नाही म्हणे!"

आता बोला! धारवाडच्या एका ट्रेनिंग कॉलेजात इंदुमतीला मास्तरणीच्या कोर्सला जायचं होतं. मॅट्रिकचे गुण दाखवल्याशिवाय तिथं कुणी दारातही उभं करत नव्हतं. तिची गुणपत्रिका अळणावरला माहेरच्या पेटीत होती, ती वाळवीनं खाल्ली. परीक्षा दिली तेव्हा हुबळी-धारवाड मुंबई राज्यात होतं. पुढच्याच वर्षी राज्य बदललं, माणसं म्हैसूर राज्यात आली, कागद राहिले पुण्याला. आणि आता एकोणसत्तर साल उजाडलेलं. कोर्सला वयाची अट बत्तीस, इंदुमतीला बत्तिसावं सरत आलेलं. हे वर्ष हुकलं की जन्मभर हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातल्या भांड्यांच्या दुकानामागं बसून पातेल्यांना कल्हई लागली का बघत राहायचं. तिला ते नको होतं. तिला शिकवायचं होतं, आणि हे ती आता कुणापुढंही न लाजता सांगायची.

सासूनं, म्हणजे राधाबाईंनी, पत्र उलटंपालटं केलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण घोडं कुठं पेंड खातंय हे त्यांना बरोबर कळलं.

"अगं येडे, परीक्षा माझ्या सुनेनं दिलती काय? नागोजी सावंताच्या पोरीनं दिलती की! तिचं नाव घाल."

"ते कसं घालू?" इंदुमती पुटपुटली.

तिची अडचण बाहेरच्याला कळायची नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, ते सगळ्याच पोरींचं होतं. पण हिचं बदलणं भागच होतं, कारण हिचं माहेरचं नाव राधा आणि सासूचंही राधा. एका घरात दोन राधा कशा नांदणार? शिवाय सुनेनं सासूचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं. म्हणजे बघा, उंबरा ओलांडल्यापासून या बाईला स्वतःचंच नाव घ्यायची चोरी! सवय अशी हाडीमाशी खिळली की पुण्याला अर्ज लिहितानासुद्धा तिच्या लेखणीतून ते नाव उतरलं नाही.

"तुमचं नाव आहे ते, अत्ती."

"माझ्या नावानं मी कधी पाटीवर अक्षर काढलं नाही. तू मॅट्रिक झालीस. मग जास्त कुणाचं झालं ते? लिही गपगुमान!"

इंदुमतीनं लिहिलं. राधा नागोजी सावंत. लिहून झाल्यावर तिला हसूच फुटलं. महिन्याभरात पुण्याहून गुण आले: पहिला वर्ग, गणितात ब्याऐंशी. नवऱ्यानं, गणपतनं, तो कागद दुकानात गिऱ्हाइकांना दाखवून दाखवून पार मळवून टाकला, तेव्हा तिनं तो हिसकावून घेतला. देशपांडे नगरातल्या वकिलाकडं राधाबाईंनी प्रतिज्ञापत्रावर अंगठा उठवला, की राधा सावंत म्हणजेच आमची सून इंदुमती. आणि प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी दोघी बसनं धारवाडला गेल्या.

प्राचार्य हळ्याळ माणूस वाईट नव्हता. टेबल मात्र फार मोठं होतं त्याचं. त्यानं कन्नडमध्येच विचारपूस केली, प्रतिज्ञापत्र वाचलं, राधाबाईंकडं बघून मान डोलावली. मग गुणपत्रिकेवरचं साल बघितलं आणि कागद बोटानं परत सरकवला.

"हे चालायचं नाही, अम्मा. फार जुने गुण आहेत. सात वर्षांपलीकडचे आम्ही धरत नाही. पुन्हा परीक्षेला बसा, मग या."

पुन्हा परीक्षा म्हणजे पुढचं वर्ष, आणि पुढच्या वर्षी इंदुमती वयात बसत नव्हती. इकडून गुण शिळे, तिकडून बाई शिळी! कानशिलं तापली तिची.

"गुण जुने झाले म्हणजे काय झालं, सर? नासले?"

"तसं नव्हे. वापर नसला की विद्येला गंज चढतो. माणूस विसरतो."

"तुम्ही मॅट्रिक कधी झालात?"

हळ्याळनं चष्मा वर केला. "एकेचाळीसला. पण माझी गोष्ट वेगळी. मी नोकरीत आहे."

"नोकरीत असलेल्या सगळ्यांना मॅट्रिकचं गणित येतं?"

बाहेरच्या खोलीतला टाइपरायटर थांबला. कुणीतरी खोकल्याचं सोंग करून हसलं. हळ्याळचा चेहरा आंबट झाला.

तेवढ्यात राधाबाईंनी तोंड उघडलं. अंगठा उठवून झाल्यावर त्यांचं काम संपलं होतं खरं, पण गप्प बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. "साहेब, माझं लग्न तीस साली झालं. ते चालतंय काय अजून, का परत पाटावर बसू? म्हातारा तयार व्हायचा नाही वो!"

"अज्जी, तुम्ही मध्ये बोलू नका," हळ्याळ वैतागला. "इथं पद्धत आहे."

"पद्धत आहे, का नियम आहे?" इंदुमतीनं विचारलं.

"वर्षानुवर्षं असंच चालतं."

"म्हणजे नियम नाही." तिनं पदर खोचला आणि समोरची खुर्ची ओढून बसली. बसा असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. "मग मला नकार लिहून द्या."

"लिहून कशाला? सांगितलं ना तोंडी."

"तोंडी सांगितलेलं मी घरी जाईपर्यंत विसरेन, सर. गंज चढलाय ना मला. लिहूनच द्या."

हळ्याळनं पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. तोंडानं हाकलणं सोपं असतं. सही करून हाकलायचं म्हटलं की भल्याभल्यांना घाम फुटतो.

"काय लिहू?" तो चिडून म्हणाला.

"मी सांगते. लिहा, ही बाई पंचावन्न साली हुशार होती, आता नाही. हे मी तिला एक प्रश्नही न विचारता ओळखलं. खाली सही करा, तारीख घाला. आणि तुमची ही सही किती वर्षं चालणार, तेही लिहा."

इंदुमतीनं नजर खाली घेतली नाही. एवढी वर्षं नजर खाली घालून काय मिळालं होतं?

मग हळ्याळनं तिचा अर्ज पुढं ओढला आणि भराभर कन्नडमध्ये एक ओळ खरडली. शिक्का उमटवला. "घ्या. सोमवारी दहाला या. झालं समाधान?"

राधाबाई हात जोडून उठल्यासुद्धा. "देव तुमचं भलं करो, साहेब. चल गं."

इंदुमती उठली नाही. तिनं ती ओळ वाचली. लिहिलं होतं: अर्जदार बाईंच्या परिस्थितीचा सहानुभूतीनं विचार करून प्रवेश दिला आहे.

"सर, माझ्या परिस्थितीला काय झालंय?"

"अम्मा, प्रवेश मिळाला ना? आता आणि काय?"

"गणितात ब्याऐंशी आहेत." तिनं अर्ज टेबलावर त्याच्यापुढं सरकवला. "सहानुभूती खोडा. गुण लिहा."